यूकेत नव्याने सोल ट्रेडर (कंपनी न काढता स्वतःच्या नावावर धंदा): 12,570 आणि 1,000 पौंडांची करमाफी नक्की कशी लागते?

भाजणी | 10 जानेवारी 2026, रात्री 10:15

नमस्कार मंडळी. मी रेडिंगला राहते. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून आले. एका नर्सरीत अर्धवेळ नोकरी आहे, एप्रिल 2024 पासून, वर्षाला 9,200 पौंड. गेल्या सप्टेंबरात घरून फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागले. कौन्सिलकडे फूड बिझनेसची नोंदणी सुरू करायच्या 28 दिवस आधी करून ठेवली होती, त्यामुळे ती बाजू नीट आहे. दिवाळीत मात्र अंदाजापेक्षा खूपच ऑर्डरी आल्या. आठवडाभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चकल्या पाडत होते.

डिसेंबरअखेर विक्री झाली 3,860 पौंड. किराणा आणि तेल 1,240, डबे-पिशव्या 185, ऑर्डरींसाठी घेतलेला मिक्सर 210. घरोघरी पोचवायला गाडी 320 मैल फिरली.

आता कराचं. ओळखीत विचारलं तर चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या. एक म्हणाली हजार पौंडांपर्यंत नफा माफ. दुसरी म्हणाली 12,570 अधिक 1,000 असे 13,570 माफ, तू काही करूच नकोस. तिसरीच्या मते नोकरीला 12,570 वेगळे आणि धंद्याला 12,570 वेगळे. चौथ्यांनी थेट कंपनी काढायला सांगितलं. मला कर चुकवायचा नाही. पुढे आयएलआरचा (इथे कायम राहण्याच्या परवानगीचा) अर्ज करायचा आहे, तेव्हा कागद स्वच्छ असावेत एवढीच इच्छा आहे. कुणी नीट समजावून सांगेल का?

थेम्सकाठ | 10 जानेवारी, रात्री 10:48

भाजणीताई, ट्रेडिंग अलाउन्स 1,000 पौंडांचा आहे. नफा त्याच्या आत असेल तर कर खात्याकडे नोंदणी लागत नाही. तुमचा नफा दोन हजारांच्या आसपास दिसतोय, म्हणजे रिटर्न भरावं लागेल. कंपनीची गरज नाही.

आकडेमोड | 10 जानेवारी, रात्री 11:30

थेम्सकाठ, तुमचा निष्कर्ष बरोबर आहे पण वाटेत एक चूक आहे, आणि ती फार महागात पडते म्हणून लगेच दुरुस्त करतो. 1,000 पौंडांची मर्यादा नफ्यावर नाही, विक्रीवर आहे. खर्च वजा करायच्या आधी हातात आलेली एकूण रक्कम. एखाद्याने 1,400 ची विक्री केली आणि 900 खर्च झाले, तर नफा 500 च असला तरी नोंदणी करावी लागते. वर्षभराची विक्री 1,000 किंवा कमी असेल तरच एचएमआरसीला, म्हणजे इथल्या कर खात्याला, काही कळवावं लागत नाही. (2025 च्या मार्चमध्ये सरकारने ही कळवण्याची मर्यादा 3,000 वर नेण्याचं जाहीर केलंय. ते अजून लागू नाही, आणि झालं तरी करमाफीचा आकडा 1,000 च राहणार आहे.)

मी हॅरोला छोट्या व्यावसायिकांची हिशेबवही सांभाळतो. आपल्या बायका इथे येऊन इतक्या कष्टाने काही उभं करतात आणि ऐकीव माहितीमुळे घाबरून बंद करतात, हे पाहून वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या दोन सवलतींची नावं सारखी वाटतात, पण त्या दोन वेगळ्या ठिकाणी लागतात.

पर्सनल अलाउन्स 12,570 पौंड. 2021 पासून आकडा हलवलेला नाही. तो माणसाला मिळतो, धंद्याला नाही. नोकरी, धंदा, भाडं, सगळ्याची बेरीज करायची आणि त्या एका बेरजेतून एकदाच 12,570 वजा करायचे. नोकरीला एक आणि धंद्याला एक असं काही नसतं. तुमच्या पगारपत्रकावर 1257एल असा कोड असेल, त्याचा अर्थ तुमचा अलाउन्स नोकरीकडे लावलेला आहे. 9,200 त्यात संपले, उरले 3,370. ते धंद्याच्या नफ्याला वापरता येतात.

ट्रेडिंग अलाउन्स 1,000 पौंड. 2017-18 पासून आहे. हा बेरजेच्या आधी, धंद्याच्या हिशेबात येतो. विक्रीतून एकतर खरे खर्च वजा करायचे, नाहीतर खर्च बाजूला ठेवून सरसकट 1,000 वजा करायचे. दोन्ही एकत्र नाही. दोन-तीन धंदे असले तरी सगळ्यांना मिळून एकच हजार.

तुमचा हिशेब मांडू. गाडीच्या पहिल्या 10,000 मैलांना मैलामागे 45 पेन्स धरता येतात, म्हणजे 320 मैलांचे 144 पौंड. 1,240, 185, 210 आणि 144 मिळून खर्च 1,779. नफा 2,081. सरसकट हजार घेतले असते तर नफा 2,860 दिसला असता. तुम्ही खरे खर्च दाखवा. 9,200 अधिक 2,081 म्हणजे 11,281. बारा हजार पाचशे सत्तरच्या आत. आयकर शून्य.

नॅशनल इन्शुरन्सचा (सरकारी पेन्शन वगैरेसाठीच्या वर्गणीचा) चौथा वर्ग धंद्याचा नफा 12,570 च्या वर गेला तरच लागतो, त्यामुळे तोही शून्य.

पण कर शून्य आहे म्हणून रिटर्न नको असं नाही. विक्री हजाराच्या वर आहे, रिटर्न भरायचंच.

भाजणी | 11 जानेवारी, सकाळी 7:05

आकडेमोडदादा, खूप आभार. रात्रीच वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. दोन शंका आहेत. मिक्सर मी जुलैमध्येच घेतला होता, धंदा सप्टेंबरात सुरू झाला. तो चालेल का? आणि विक्रीतले 420 पौंड नवऱ्याच्या ऑफिसने दिवाळीसाठी घेतलेल्या डब्यांचे आहेत. त्याचं काही वेगळं असतं का?

आकडेमोड | 11 जानेवारी, सकाळी 8:20

मिक्सर चालेल. धंदा सुरू होण्याआधीच्या सात वर्षांत धंद्यासाठी केलेला खर्च पहिल्या दिवशी केला असं धरता येतं. पावती असू द्या. फक्त तो घरीही वापरत असाल तर धंद्याचा वाटाच धरायचा. किराण्याचंही तेच: घरच्या दिवाळीला जे फराळाचं झालं त्याचं सामान 1,240 मधून वगळलंय ना?

दुसरा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं झालं. डब्यांचे पैसे ऑफिसमधल्या सहकाऱ्यांनी आपापल्या खिशातून दिले की कंपनीच्या खात्यातून आले?

भाजणी | 11 जानेवारी, सकाळी 8:41

कंपनीच्या खात्यातून. मी कंपनीच्या नावाने बिल दिलं होतं. मिक्सर फक्त ऑर्डरींसाठी, घरचा जुना वेगळा आहे. आणि आमच्या घरचं सामान वेगळं आणलं होतं, त्याच्या पावत्या यात नाहीत.

आकडेमोड | 11 जानेवारी, सकाळी 9:10

मग हे लक्षात ठेवा. त्या वर्षात तुम्हाला तुमच्या मालकाकडून, जोडीदाराच्या मालकाकडून, किंवा तुमच्या अथवा जवळच्या नात्यातल्या कुणाच्या कंपनीकडून धंद्याचं उत्पन्न आलं असेल, तर ट्रेडिंग अलाउन्स वापरताच येत नाही. फक्त त्या 420 पुरता नाही, पूर्ण वर्षाला नाही. सहकाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने डबे घेतले असते तर हा प्रश्न आला नसता.

तुमचं नुकसान काहीच नाही, कारण तुमचे खरे खर्च हजारापेक्षा जास्त आहेत. पण हाच नियम माहीत नसल्याने माझ्याकडे आलेल्या एका बाईंना दोन वर्षांचे रिटर्न दुरुस्त करावे लागले होते. त्यांचा खर्च जवळपास नव्हता, सगळी मदार त्या हजारावर होती.

थेम्सकाठ | 11 जानेवारी, सकाळी 11:25

विक्री आणि नफ्यातला फरक मला खरंच माहीत नव्हता. दुरुस्तीबद्दल आभार. आता माझंही विचारतो. आयएलआर आहे, पूर्णवेळ नोकरी 46,000. मे 2025 पासून शनिवार-रविवार मुंजी, डोहाळजेवणं, लग्नांचे फोटो काढतो. कॅमेरा जुनाच आहे. या वर्षी 5,200 येतील आणि खर्च जेमतेम 300. माझं कसं?

आकडेमोड | 11 जानेवारी, दुपारी 1:00

तुमचं चित्र भाजणीताईंच्या अगदी उलट आहे, म्हणून शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

तुमचा पर्सनल अलाउन्स पगारातच संपलाय. त्यामुळे फोटोग्राफीच्या नफ्यावर पहिल्या पौंडापासून कर. खरे खर्च दाखवले तर नफा 4,900, एकूण उत्पन्न 50,900. चाळीस टक्क्यांची पायरी 50,270 ला सुरू होते. म्हणजे 4,270 वर 20 टक्के, 854 पौंड, आणि वरच्या 630 वर 40 टक्के, 252. एकूण 1,106.

त्याऐवजी सरसकट 1,000 घ्या. नफा 4,200, एकूण 50,200. पायरीच्या आत. सगळ्यावर 20 टक्के, 840 पौंड. एका खुणेने 266 पौंड वाचले.

नोंदणी 5 ऑक्टोबर 2026 पर्यंत, कारण धंदा 2025-26 या करवर्षात (6 एप्रिल ते 5 एप्रिल) सुरू झाला. रिटर्न ऑनलाइन भरायची शेवटची तारीख 31 जानेवारी 2027, पण तुम्ही 30 डिसेंबरच्या आत भरा. देणं 3,000 च्या खाली असेल आणि तेव्हापर्यंत रिटर्न गेलं असेल तर ते पगाराच्या कोडमधून हळूहळू कापून घ्यायची सोय आहे, एकदम भरावं लागत नाही.

गोदाकाठ | 11 जानेवारी, दुपारी 2:15

मी नाशिकहून वाचतोय. भाचा लंडनला असल्याने उत्सुकता. आपल्याकडे आयकराच्या 44एडी कलमात छोट्या धंद्याला उलाढालीच्या 8 टक्के, डिजिटल व्यवहाराला 6 टक्के नफा धरतात, तसंच हे ट्रेडिंग अलाउन्सचं दिसतंय. आणि तिकडचं वर्ष 6 एप्रिलला का सुरू होतं?

आकडेमोड | 11 जानेवारी, दुपारी 2:50

हेतू सारखा आहे, लहान माणसाला हिशेबाचा व्याप कमी. पण तिथे टक्केवारी आहे, इथे ठरावीक रक्कम. त्यामुळे विक्री वाढली की 44एडीचा फायदा बरोबर वाढतो, हा हजारावरच थांबतो. म्हणून खर्च नगण्य असलेल्या छोट्या कामालाच तो जास्त शोभतो: शिकवण्या, लेखन, भाषांतर, फोटो.

6 एप्रिलची गोष्ट पंचांगाची आहे. जुनं हिशेबाचं वर्ष 25 मार्चच्या दिवसाशी बांधलेलं होतं. 1752 मध्ये ब्रिटनने ग्रेगोरियन पंचांग धरलं तेव्हा 11 दिवस गाळले, आणि करदात्याचं वर्ष तेवढं छोटं होऊ नये म्हणून ते पुढे सरकलं.

निळी_शाई | 11 जानेवारी, रात्री 8:30

मी या धाग्यावर मुद्दाम लिहितेय, कारण इथे सगळे नवे आहेत आणि मला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही.

एप्रिल 2024 मध्ये मी पूर्णवेळ फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर झाले. दुसरी नोकरी नाही. पहिल्या वर्षी नफा 31,000. मनाशी हिशेब केला होता: 12,570 गेले, उरलेल्या 18,430 वर 20 टक्के म्हणजे 3,686. चौथ्या वर्गाचा नॅशनल इन्शुरन्स 6 टक्क्यांनी 1,105 पौंड 80 पेन्स. एकूण 4,791.80. तेवढे पैसे मी दर महिन्याला बाजूला काढून ठेवले होते, एक पौंडही मोडला नाही.

नोव्हेंबरात रिटर्न भरलं आणि स्क्रीनवर आकडा आला 7,187.70. माझे हात थरथरत होते. वाटलं कुठेतरी शून्य चुकलंय. ते पेमेंट ऑन अकाउंट होतं. पुढच्या वर्षाच्या कराचा अर्धा हप्ता, 2,395.90, याच 31 जानेवारीला. आणि तेवढाच दुसरा 31 जुलैला. ज्यांच्याकडून रिटर्न करून घेतलं त्या अकाउंटंटनी वर्षभरात याचा एकदाही उल्लेख केला नव्हता. उरलेली रक्कम दिराकडून उसनी घेतलीय. ते आनंदाने देताहेत, पण मला अजूनही त्रास होतो त्याचा.

मैत्रिणींनो, पहिल्या जानेवारीला दीडपट लागतात. हे आजच वहीवर लिहून ठेवा.

आकडेमोड | 11 जानेवारी, रात्री 9:20

निळी_शाई, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. पहिल्या वर्षी पगारातून कर कापला जात नाही, त्यामुळे वर्षभर पैसे हातात राहतात, आणि मग एकदम दोन देणी समोर येतात. हा जास्तीचा कर नाही, पुढच्या वर्षाचा आगाऊ आहे, पण 31 जानेवारीला ज्याच्या खात्यात पैसे नाहीत त्याला या फरकाने काही दिलासा मिळत नाही.

दोन गोष्टी तुमच्या उपयोगाच्या. या वर्षी, म्हणजे 2025-26 मध्ये, तुमचा नफा कमी होतोय असं स्पष्ट दिसत असेल तर हप्ते कमी करून मागता येतात, ऑनलाइन किंवा एसए303 फॉर्मवर. मात्र अंदाज प्रामाणिक हवा. फार कमी केले आणि नफा जास्त निघाला तर फरकावर व्याज लागतं. दुसरं, रिटर्न भरलेलं असेल आणि देणं 30,000 च्या आत असेल तर महिन्याच्या हप्त्यांत फेडायची व्यवस्था ऑनलाइनच लावता येते. शेवटच्या तारखेनंतर 60 दिवसांच्या आत ती लावायची. व्याज पडतं, पण दिराकडे जायचा संकोच वाटत असेल तर हा रस्ता आहे.

इतरांसाठी: मागच्या वर्षाचं देणं 1,000 पौंडांच्या खाली असेल, किंवा एकूण कराच्या 80 टक्क्यांहून जास्त आधीच पगारातून कापला गेला असेल, तर हे आगाऊ हप्ते लागत नाहीत. थेम्सकाठ आणि भाजणीताई दोघंही यातून सुटतात.

निळी_शाई | 11 जानेवारी, रात्री 9:44

नफा यंदा थोडा कमीच आहे, एक मोठं काम गेलं. एसए303 चं उद्या बघते. हप्त्यांचं मला माहीतच नव्हतं. खरंच बरं वाटलं.

ग्रॅनाइट_शहर | 11 जानेवारी, रात्री 10:10

आम्ही एबरडीनला. स्कॉटलंडमध्येही हेच आकडे ना?

आकडेमोड | 11 जानेवारी, रात्री 10:18

दोन्ही अलाउन्स तेच, नॅशनल इन्शुरन्सही तोच. आयकराचे दर आणि पायऱ्या मात्र स्कॉटलंडच्या स्वतःच्या, 19 टक्क्यांपासून सुरू. वर मी मांडलेला थेम्सकाठ यांचा हिशेब तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही.

रंधा | 12 जानेवारी, सायंकाळी 6:40

लेस्टरला सुतारकाम करतो. ऑगस्ट 2024 मध्ये गोदामातली नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं. जुनी व्हॅन आणि हत्यारं घ्यावी लागली, त्यामुळे पहिल्या वर्षी 6,400 पौंडांचा तोटा. त्याच वर्षी नोकरीचा पगार 16,500 मिळाला होता, त्याआधीची तीन वर्षं 24,000 च्या पुढेच होता. एकाने सांगितलं, तोटाच आहे तर ट्रेडिंग अलाउन्स टिक करून टाक, फॉर्म सोपा होतो. 31 तारखेच्या आत रिटर्न भरायचंय. टिक करू का?

आकडेमोड | 12 जानेवारी, सायंकाळी 7:30

रंधाभाऊ, कृपा करून करू नका! ट्रेडिंग अलाउन्सने तोटा दाखवता येत नाही, फार तर नफा शून्य होतो. तुम्ही टिक केलंत तर तुमचे 6,400 कायमचे गेले.

त्या तोट्याला किंमत आहे. तो तुम्ही त्याच वर्षाच्या पगारातून वजा करू शकता, किंवा मागच्या वर्षाच्या. शिवाय नव्या धंद्यासाठी एक खास तरतूद आहे: पहिल्या चार करवर्षांतला तोटा आधीच्या तीन वर्षांच्या उत्पन्नावर नेता येतो, सर्वांत जुन्या वर्षापासून.

आता यात अलाउन्सची खाच बघा. 2024-25 मध्ये तुमचा पगार 16,500, त्यातले 12,570 तसेही करमुक्त. कर फक्त 3,930 वर बसला, 786 पौंड. तोटा त्याच वर्षात लावला तर जास्तीत जास्त 786 परत येतील, आणि तोट्यातले 2,470 पर्सनल अलाउन्सच्या जागी वाया जातील, कारण हवा तेवढाच भाग लावायची मुभा नाही. तोच तोटा 24,000 पगाराच्या वर्षावर नेला तर पूर्ण 6,400 वर भरलेला 20 टक्के कर परत, 1,280 पौंड. जवळजवळ पाचशेचा फरक.

रिटर्न 31 जानेवारीच्या आत भराच, एक दिवस उशीर झाला तरी 100 पौंड दंड आहे, कर शून्य असला तरी. तोट्याच्या मागणीला मात्र 31 जानेवारी 2027 पर्यंत मुदत आहे, तेव्हा ती नीट विचार करून भरा. व्हॅनच्या पावत्या, जुने पी60 (वर्षाच्या पगाराचे आणि कापलेल्या कराचे दाखले) आणि नोकरी सोडतानाचा तसाच दाखला पी45 शोधून ठेवा.

रंधा | 12 जानेवारी, सायंकाळी 7:52

पी60 तिन्ही वर्षांचे आहेत. आईने लावलेली सवय, कागद टाकायचा नाही. 1,280 म्हणजे माझ्यासाठी टेबल सॉ आहे दादा. फार उपकार झाले.

नवा_पाहुणा | 12 जानेवारी, रात्री 9:05

मी जुलै 2025 मध्ये बायकोबरोबर आलो, मीही डिपेंडंट आहे. ऑक्टोबरपासून ऑनलाइन गणिताच्या शिकवण्या घेतो. (1) अर्धं वर्ष इथे नव्हतो, मग 12,570 अर्धे होतात का? (2) पिंपरीतल्या फ्लॅटचं भाडं येतं, त्याला ट्रेडिंग अलाउन्स लावता येईल का? (3) नव्याने आलेल्यांना चार वर्षं परदेशी उत्पन्न माफ असं ऐकलं.

आकडेमोड | 12 जानेवारी, रात्री 10:00

अलाउन्स अर्धा होत नाही. मार्चमध्ये आलात तरी पूर्ण 12,570. भाड्याला ट्रेडिंग अलाउन्स नाही, त्याचा वेगळा 1,000 चा प्रॉपर्टी अलाउन्स असतो, आणि तोही खऱ्या खर्चाच्या बदल्यातच.

तिसरा मुद्दा जपून. 6 एप्रिल 2025 पासून अशी सोय आहे खरी: आधीची सलग 10 वर्षं यूकेचे रहिवासी नसलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर कर माफ मागता येतो. पण ज्या वर्षी ती मागाल त्या वर्षी पर्सनल अलाउन्स जातो. पिंपरीचं भाडं वाचवायला गेलात तर शिकवण्यांचा नफा पहिल्या पौंडापासून करपात्र होईल. साधारण भाडं आणि साधारण कमाई असणाऱ्याला ती सोय बहुधा तोट्याची. भाडं रिटर्नमध्ये दाखवा, भारतात त्यावर कर भरला असेल तर दुहेरी कराच्या करारानुसार त्याची वजावट मागा.

भाजणी | 13 जानेवारी, दुपारी 12:30

सगळं दोनदा वाचलं. नोंदणीला बसणार आहे. धंदा माझ्याच नावावर ठेवायचा ना? नवरा म्हणतो दोघांच्या नावावर करू.

थेम्सकाठ | 13 जानेवारी, दुपारी 1:15

ताई, हे मी नक्की सांगू शकतो, कारण मी त्याच व्हिसावर पाच वर्षं काढली आणि म्हणूनच कॅमेरा तेव्हा कपाटात होता. डिपेंडंटला स्वतःचा व्यवसाय करायला परवानगी आहे, स्किल्ड वर्करला असा व्यवसाय करता येत नाही. नाव फक्त तुमचं, पैसे तुमच्याच खात्यात. वेगळ्या खात्याची कायद्याने सक्ती नाही, पण काढाच.

आकडेमोड | 13 जानेवारी, दुपारी 2:00

शंभर टक्के सहमत. नोंदणी झाली की दहा आकडी यूटीआर (तुमचा करदाता क्रमांक) पोस्टाने येईल, तो जपून ठेवा.

आणि ताई, काल रात्री तुमचे आकडे पुन्हा बघत होतो, दोन गोष्टी राहिल्या होत्या.

पहिली, घरून काम. महिन्याला 25 ते 50 तास असतील तर 10 पौंड, 51 ते 100 ला 18, त्याच्या वर 26, असे ठरावीक धरता येतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबरात किती तास झाले असतील?

दुसरी जास्त महत्त्वाची. मॅरेज अलाउन्स. तुमच्या 12,570 मधले 1,260 पौंड तुम्ही नवऱ्याला देऊ शकता, ते 20 टक्क्यांच्या पायरीत असतील तर. त्यांचा कर वर्षाला 252 पौंडांनी कमी होतो. त्यांचा पगार 50,270 च्या आत आहे का?

भाजणी | 13 जानेवारी, दुपारी 3:20

त्यांचा पगार 43,000. हे तर कुणीच सांगितलं नव्हतं! तास वहीत आहेत: सप्टेंबर 30, ऑक्टोबर 110. नंतर फार नाही, 25 च्या आतच.

पण मग माझी अडचण अशी, की वर्ष 5 एप्रिलला संपणार आणि 19 मार्चला गुढीपाडवा आहे. पुरणपोळीच्या ऑर्डरी आत्ताच यायला लागल्यात. साधारण 400 ची विक्री होईल, खर्च 150. ते धरलं तर मी मर्यादेच्या बाहेर जाईन का? ऑर्डरी नाकारू का?

आकडेमोड | 13 जानेवारी, दुपारी 4:10

मुळीच नाकारू नका.

घरकामाचे 10 आणि 26 मिळून 36. नफा 2,081 वरून 2,045. पाडव्याचे 250 मिळवले की 2,295. पगार धरून एकूण 11,495. नवऱ्याला 1,260 दिल्यावर तुमच्याकडे उरतात 11,310. वरच्या 185 वर 20 टक्के, म्हणजे 37 पौंड तुमचा कर. त्यांचे 252 वाचले. घरात 215 राहिले, शिवाय पाडव्याची कमाई.

2024-25 मध्ये तुमची फक्त नोकरीच होती, तेव्हा त्या वर्षाचेही 252 मागता येतील. ही मागणी चार वर्षं मागे जाऊन करता येते, त्यामुळे या वर्षाचं 5 एप्रिलनंतर खरे आकडे हातात आल्यावरच ठरवलंत तरी चालेल. पुढे तुमच्या टॅक्स कोडच्या शेवटी एन आणि त्यांच्या कोडला एम दिसला तर घाबरू नका, ती याचीच खूण.

आणि हो, पेन्शनच्या वर्षांचं कुणी विचारलं नाही म्हणून: तुमचा पगार 6,500 च्या वर असल्याने नॅशनल इन्शुरन्सचं हे वर्ष नोकरीतूनच मोजलं जातंय. ज्यांना नोकरी नाही आणि धंद्याचा नफा 6,845 च्या खाली आहे, त्यांनी दुसऱ्या वर्गाचे आठवड्याला 3 पौंड 50 स्वेच्छेने भरायचा विचार जरूर करावा. वर्षाचे 182 पौंड होतात, आणि एक वर्ष खात्यात जमा होतं.

निळी_शाई | 13 जानेवारी, सायंकाळी 6:05

एसए303 भरला. हप्ता 1,900 वर आला. दिराचे पाचशे आजच परत पाठवले.

भाजणीताई, रेडिंगला माझी बहीण असते. पाडव्याच्या 20 पुरणपोळ्या माझ्याकडून तिला.

भाजणी | 13 जानेवारी, सायंकाळी 6:30

नक्की! पण पैसे कधी पाठवाल? 5 एप्रिलच्या आत आले की या वर्षात, नंतर आले की पुढच्या, असंच ना दादा?

आकडेमोड | 13 जानेवारी, सायंकाळी 6:48

बरोबर. 2024-25 पासून सोल ट्रेडरसाठी रोख पद्धत हीच मूळ धरलेली आहे. बिलाची तारीख नाही, पैसे आल्याची तारीख. आणि माझ्याही 10 लिहून घ्या, हॅरोला पोचवता आल्या तर. मैल वहीत मांडायला विसरू नका.